मुलींच्या शाळांतील शिक्षिकांची घडण व आपलें इतिहासलेखन

महाराष्ट्रांतील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावर गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत जें लिखाण झालें आहे, तें प्रमाणानें थोडें नाहीं. संस्थापकांचीं चरित्रें, संस्थांचे वार्षिक अहवाल, रौप्य व सुवर्ण महोत्सवांचे स्मरणग्रंथ, सरकारी विद्याखात्याचीं प्रतिवृत्तें आणि थोर स्त्रियांनीं लिहिलेल्या आठवणी असा हा संभार आहे. त्यावरून शाळा कोणी काढली, कोणत्या वाड्यांत काढली, पहिल्या दिवशीं किती मुली आल्या आणि गांवानें किती विरोध केला, हें अभ्यासकास बहुधा कळतें. परंतु त्या मुलींसमोर जी बाई उभी राहिली, ती शिकवावयास कोठें शिकली, तिला काय शिकविण्यांत आलें, एकदां कामावर रुजू झाल्यावर तिच्या ज्ञानांत भर घालण्याची कांहीं सोय होती कीं नव्हती, हे प्रश्न ह्या सर्व वाङ्मयांत एखाद्या वाक्यांत उरकलेले आढळतात. प्रस्तुत लेखांत आम्हीं ह्या उणिवेची चिकित्सा करण्याचें योजिलें आहे. अमुक एका ग्रंथकाराचे दोष दाखविणें हा आमचा हेतु नाहीं. एका लेखनपरंपरेनें शिक्षिकेकडे कोणत्या दृष्टीनें पाहिलें व त्यामुळें कोणत्या गोष्टी दृष्टिआड झाल्या, एवढेंच तपासून पाहावयाचें आहे.

हा प्रश्न गौण आहे अशी कोणाची समजूत असेल तर ती आरंभींच दूर केली पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत मुलींच्या शिक्षणाचा गाडा जेथें अडत असे, तें ठिकाण शाळेची इमारत हें नव्हतें, तर शिकविणारी स्त्री हें होतें. मुलगी थोडी मोठी होतांच पुरुष पंतोजीपुढें तिला बसविण्यास घरचीं माणसें कांकूं करीत; स्त्री-शिक्षिका पाहिजे तर आधीं शिकलेली स्त्री पाहिजे; आणि शिकलेली स्त्री व्हावयाची तर मुलगी वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षानंतरहि शाळेंत टिकली पाहिजे. असें हें चक्र होतें. सन १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें शिक्षक तयार करणाऱ्या शाळांची आवश्यकता मान्य केली होती. तरीहि हंटर कमिशनच्या वेळीं, म्हणजे १८८१-८२ सालीं, हिंदुस्थानांत मुलींच्या शिक्षणसंस्था २,६९७ व शिकणाऱ्या मुली १,२७,०६६ असतां शिक्षिका तयार करणाऱ्या संस्था अवघ्या १५ व त्यांतील विद्यार्थिनी ५१५ होत्या. ह्या सर्वजणी एकाच दिवशीं उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या असत्या, तरी पांच शाळांमागें एक शिक्षिकाहि मिळाली नसती. ज्या इतिहासांत शाळांची संख्या येते व ही दुसरी संख्या येत नाहीं, तो इतिहास कार्य सांगतो पण कारण सांगत नाहीं.

आतां ह्या लेखनपरंपरेचा पहिला वर्ग घेऊं. तो चरित्रांचा व स्मरणलेखांचा होय. ह्या वर्गांतील लेखनाचा सारा भर ‘पहिली’ ह्या शब्दावर असतो. पहिली शाळा, पहिली शिक्षिका, पहिली मुख्याध्यापिका. वस्तुतः ह्या शब्दाला मर्यादा घातल्यावांचून अर्थ येत नाहीं. अमेरिकन मिशननें मुंबईंत मुलींची शाळा १८२४ सालीं काढली. मार्गारेट विल्सनबाईंच्या शाळा १८२९-३० च्या सुमारास तेथेंच निघाल्या. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत भिडे यांच्या वाड्यांत १८४८ सालीं शाळा काढली, ती एतद्देशीयांनीं स्वतःच्या हिमतीवर काढलेली म्हणून तिचें महत्त्व निराळें आहे. मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या ज्ञानप्रसारक मंडळीच्या शाळा १८४९ च्या आहेत. ह्या प्रत्येकीचें प्रथमत्व वेगवेगळ्या अर्थानें खरें आहे. आणि त्यांची एकमेकींशीं झुंज लावण्यांत जी शाई खर्च झाली तिचा दशांशहि त्या शाळांतील अध्यापनपद्धतीचा शोध घेण्यांत खर्च झालेला नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें न्यायाचें आहे. सावित्रीबाईंचें नांव बराच काळपर्यंत आपल्या शिक्षणविषयक ग्रंथांतून जवळजवळ गाळलेलें होतें. हुजूरपागा, शारदासदन व हिंगणें यांची हकीकत ज्यांनीं विस्तारानें लिहिली, त्यांपैकीं अनेकांना १८४८ सालाची आठवण झाली नाहीं. तेव्हां ‘पहिली’ ह्या शब्दाचा आग्रह हा नुसता अभिमान नसून, झालेल्या अन्यायाची ती भरपाई आहे. हें आम्हांस मान्य आहे. परंतु भरपाई झाल्यावरहि लेखन तेथेंच थांबावें, हें मान्य नाहीं. कारण ज्या बाईला आपण आद्य शिक्षिका म्हणून वंदन करितों, तिच्या शिक्षिकापणाचाच विचार त्यांत होत नाहीं.

उदाहरणार्थ, सावित्रीबाईंच्या शिक्षणाविषयीं चरित्रकार सांगतात कीं, घरीं त्यांना जोतीरावांनीं शिकविलें, पुढील अभ्यास सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर यांनीं करून घेतला, आणि अध्यापनाचें शिक्षण त्यांनीं अहमदनगरास फरारबाईंकडे व पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलांत घेतलें. हीं दोन वाक्यें एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत जशींच्या तशीं उतरतात. पण त्यांतून निघणारा अर्थ कोणी काढून पाहात नाहीं. सिंथिया फरार ह्या १८२७ सालच्या अखेरीस मुंबईस उतरल्या व पुढें नगरास राहून १८६२ मध्यें तेथेंच वारल्या. म्हणजे भिडेवाड्यांतील शाळा निघाली त्या वेळीं मराठी मुलींना मराठींतून शिकविण्याचा वीस वर्षांचा अनुभव ह्या बाईंच्या गांठीं होता. वीस वर्षांत मुलींना बसवावें कसें, बाराखडी कोणत्या क्रमानें घ्यावी, शिवणकाम व वाचन यांची वेळ कशी वांटावी, घरच्यांची समजूत कशी घालावी, ह्या हजार बारीक गोष्टींचें एक शास्त्र बनतें. त्यांतून फुले दांपत्यानें काय उचललें आणि काय टाकलें, हाच खरा इतिहासाचा प्रश्न होय. मिशनच्या शाळेंत धर्मोपदेश हा अभ्यासाचा गाभा होता. फुल्यांच्या शाळेचा हेतु तो नव्हता. मग पद्धति तीच ठेवून गाभा बदलला, कीं गाभ्याबरोबर पद्धतिहि बदलली? जोतीरावांनीं हंटर कमिशनपुढें १८८२ सालीं दिलेल्या निवेदनांत आपण मिशनच्या मुलींच्या शाळेंत कांहीं वर्षें शिक्षक होतों असें सांगितलें आहे. ही एक ओळ शेंकडों स्तुतिपर पृष्ठांहून अधिक मोलाची आहे. कारण ह्या घरांत शिकविण्याची विद्या पुस्तकांतून आलेली नसून नित्याच्या कामांतून आलेली होती, हें तिच्यावरून दिसतें.

त्याच वर्गांतील आणखी एक साधन म्हणजे सावित्रीबाईंचीं पत्रें. १० आक्टोबर १८५६ च्या पत्रांत, आपण आजारामुळें माहेरीं असतां फातिमेवर कामाचा भार पडत असेल, असा उल्लेख आहे. ह्या फातिमाबाई कोण, त्यांना कितवें स्थान द्यावयाचें, ह्यावर अलीकडे पुष्कळ वाद झाले आहेत. वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांचें लक्ष पुन्हा ‘पहिली’ ह्या शब्दाकडेच आहे. आमच्या मतें ह्या पत्रांतून निघणारी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मुख्य बाई गांवीं नसतांहि काम चालूं राहूं शकतें, दुसरी एक स्त्री तें पेलील असा मुख्य बाईंना भरंवसा वाटतो, ही गोष्ट एका व्यक्तीच्या धैर्याची नसून एका कामाच्या घडीची आहे. शिक्षिका तयार होऊं लागल्याची ती खूण आहे. तसेंच १८५५ सालीं ‘ज्ञानोदयां’त छापलेला मुक्ता साळवे ह्या विद्यार्थिनीचा निबंध. त्याचें विवेचन आजवर सामाजिक दृष्टीनें झालें आहे व तें योग्यच आहे. पण हा निबंध शाळेंतील लेखनाचा नमुनाहि आहे. मांग-महारांच्या दुःखाविषयीं युक्तिवाद रचून लिहिण्यास ज्या शाळेंत मुलगी शिकली, तेथें नुसतें पाठांतर होत नसलें पाहिजे. अर्थात् तो मिशनच्या नियतकालिकानें निवडून छापलेला आहे, म्हणून सर्वच मुली असें लिहीत असें अनुमान कोणी काढूं नये. तरीपण शिक्षिकेच्या कामाचा पुरावा विद्यार्थिनीच्या वहींत सांपडतो, हें तत्त्व त्यावरून ध्यानांत यावें.

दुसरा वर्ग सरकारी प्रतिवृत्तांचा. येथें ‘पहिली’च्या जागीं ‘ट्रेंड’ हा शब्द येतो. मेरी कार्पेंटर ह्या ब्रिस्टलच्या विदुषी १८६६ सालीं प्रथम हिंदुस्थानांत आल्या व स्त्री-शिक्षिकांसाठीं स्वतंत्र नॉर्मल स्कूल निघाल्यावांचून मुलींच्या शाळा सुधारणार नाहींत, असा त्यांनीं सरकारापाशीं आग्रह धरिला. त्यांचें प्रवासवृत्त १८६८ मध्यें प्रसिद्ध झालें. पुण्याचें फीमेल ट्रेनिंग कॉलेज १८७० सालचें. पुढें मुंबई इलाख्यांत पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचे ट्रेनिंग दाखले, त्यांवर ठरणारा पगार आणि खात्याच्या कोष्टकांत ‘ट्रेंड’ व ‘अनट्रेंड’ असे दोन रकाने, ही व्यवस्था रूढ झाली. अभ्यासकाला हीं कोष्टकें फार सोयीचीं वाटतात. आंकडे तयार असतात, वर्षवार असतात, आणि ते चढत जातात. म्हणून शिक्षणाच्या इतिहासावरील बहुतेक प्रबंध ह्याच कोष्टकांवर उभे राहिले आहेत.

परंतु ह्या एका शब्दाखालीं किती निरनिराळ्या वस्तू झांकलेल्या आहेत, तें पाहावें. ट्रेनिंग कॉलेजांत येणाऱ्या स्त्रिया कोण होत्या? हंटर कमिशननें शिफारस केली कीं, शाळामास्तरांच्या पत्नींना शिक्षिका होण्यास उत्तेजन द्यावें आणि योग्य असेल तेथें विधवांना ह्या धंद्याचें शिक्षण द्यावें. म्हणजे प्रवेशाचा दरवाजा विद्येपेक्षां संसाराच्या परिस्थितीनें ठरत होता. मास्तर व मास्तरीण एकाच गांवीं नेमतां आलीं म्हणजे राहण्याचा व अब्रूचा प्रश्न सुटतो, ही त्यांतील व्यवहाराची बाजू. पण मास्तराची बदली झाली म्हणजे शिक्षिकाहि गेली, हा त्याचा दुसरा परिणाम. आणि तो कोष्टकांत दिसत नाहीं. विधवेची बदली करणें सोपें, पण परक्या गांवीं तिनें एकटीनें राहावयाचें कोठें, हा प्रश्न तिच्यासाठीं उभाच. शिवाय येणाऱ्या स्त्रियांचें मूळचें शिक्षण इतकें अल्प असे कीं, कॉलेजाचा बराच वेळ वाचन, गणित, भूगोल हेच विषय पक्के करण्यांत जाई. ह्याचा कालक्रम मोठा बोधप्रद आहे. पुण्यांत ट्रेनिंग कॉलेज निघालें १८७० सालीं आणि हुजूरपागेची मुलींची हायस्कूल निघाली ती २९ सप्टेंबर १८८४ रोजीं. कळसाचें काम पायाच्या चौदा वर्षें आधीं हातीं घेतलें गेलें. तेव्हां ह्या काळांतील ‘ट्रेंड’ शिक्षिका म्हणजे अध्यापनशास्त्रांत निष्णात झालेली स्त्री असें समजणें चूक, आणि तिला केवळ नांवाची ट्रेंड म्हणून हिणविणें ही त्याहून मोठी चूक. तिच्या बाबतींत ट्रेनिंग कॉलेज हेंच तिचें माध्यमिक विद्यालय होतें. हा भेद न करितां १८७५ च्या व १९२५ च्या आंकड्यांची तुलना करणारे लेखक एकाच नांवाच्या दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करितात.

हुजूरपागेचा उल्लेख आला म्हणून तिच्या संबंधांतील प्रसिद्ध वादाविषयीं दोन शब्द लिहितों. मुलींना अकरा ते पांच शाळा असावी काय, इंग्रजी किती शिकवावें, घरकामास उपयोगी विषय किती असावे, ह्यावर टिळकपक्ष व रानडे-भांडारकरपक्ष यांच्यांत १८८७ च्या सुमारास कडाक्याचें भांडण झालें. त्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु काय शिकवावें ह्या वादांत कोण शिकविणार हा प्रश्न दोन्ही बाजूंनीं मागें टाकिला, ह्याकडे टीकाकारांचें लक्ष गेलेलें नाहीं. त्या हायस्कुलाच्या पहिल्या मुख्याध्यापिका मिस् हरफर्ड ह्या युरोपीय होत्या. त्यांच्या तोडीची मराठी स्त्री तयार व्हावयाची कशी, तिला किती वर्षें लागतील व त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, ह्याचा हिशेब अभ्यासक्रमाच्या वादाआधीं मांडावयास पाहिजे होता. अभ्यासक्रम कागदावर एका रात्रींत बदलतां येतो. शिक्षिका बदलण्यास एक पिढी लागते.

हा हिशेब ज्यांनीं मांडला त्यांत पंडिता रमाबाईंचें स्थान अग्रभागीं आहे. आणि आपल्या लेखनपरंपरेची परीक्षा करावयास त्यांच्याइतकें चांगलें उदाहरण दुसरें मिळणार नाहीं. सन १८८२ मध्यें पुण्यास हंटर कमिशनपुढें त्यांची जी साक्ष झाली, तिचा रोख शाळांच्या संख्येवर नसून शिक्षिकांवर आहे. शिक्षिका होणाऱ्या स्त्रीस आपली भाषा शुद्ध बोलतां-लिहितां आली पाहिजे, शिकणाऱ्या स्त्रियांची राहण्याची सोय संस्थेच्या आवारांतच असावी, स्त्री-शिक्षिकेस पुरुषांपेक्षां अधिक वेतन द्यावें, आणि मुलींच्या शाळा तपासण्यास स्त्री-अधिकारी नेमाव्या, असा त्यांचा आशय होता. वेतनाविषयींची सूचना त्या काळीं अनेकांना विलक्षण वाटली असेल. पण तिच्यामागें व्यवहाराचें ज्ञान आहे. ज्या समाजांत पगार घेऊन घराबाहेर काम करणारी स्त्री संशयास पात्र ठरते, तेथें तिचा दर्जा व राहणी हींच तिची ढाल असतात, आणि हीं दोन्ही पैशावांचून मिळत नाहींत. जोतीरावांच्या त्याच वर्षींच्या निवेदनाशीं हें ताडून पाहावें. त्यांनींहि शिक्षकांचें तुटपुंजें वेतन हें निकृष्ट अध्यापनाचें एक मूळ कारण मानिलें आणि शिक्षक शेतकरीवर्गांतून, हातांत नांगर किंवा वांकस धरण्यास न लाजणारे असे घ्यावे, अशी मागणी केली. मुलींच्या शिक्षणाविषयीं मात्र त्या निवेदनांत अधिक उदारपणें सोय करावी एवढीच थोडक्यांत विनंती आहे. शिक्षक कोणत्या वर्गांतून यावा हें जोतीरावांनीं पाहिलें, शिक्षिकेनें राहावें कसें व जगावें कसें हें रमाबाईंनीं पाहिलें. दोन्ही साक्षी एकत्र वाचल्याखेरीज १८८२ सालचें चित्र पुरें होत नाहीं. आणि आपल्याकडे त्या एकत्र वाचण्याची चाल नाहीं, कारण एकीचे वाचक व दुसरीचे वाचक हे दोन वेगळे पक्ष होऊन बसले आहेत.

पुढें रमाबाई इंग्लंडांत चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत शिकल्या व शिकवूंहि लागल्या. सन १८८६ ते १८८८ ह्या काळांत त्या अमेरिकेंत होत्या, तेथें त्यांनीं फ्रोबेलच्या बालोद्यानपद्धतीचा अभ्यास केला आणि मराठी मुलांसाठीं वाचनाचीं पुस्तकें तयार करण्यास हात घातला. त्यांच्या १८८७ च्या इंग्रजी ग्रंथांत उच्चवर्णीय विधवांना शिक्षिका, परिचारिका इत्यादि कामांसाठीं तयार करून स्वावलंबी करण्याची योजना आहे. आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस उघडलेलें शारदासदन हें त्या योजनेचें मूर्त रूप होय. मराठी स्त्रीनें तीन देशांतील अध्यापनपद्धति डोळ्यांनीं पाहून स्वतःच्या भाषेंत ती रुजविण्याचा हा प्रयत्न होता. परंतु रमाबाईंवरील मराठी लिखाण चाळावें, तर नव्वद पृष्ठें १८८३ चें धर्मांतर आणि १८९३ चा शारदासदनाचा वाद ह्यांनीं व्यापलेलीं, आणि बालोद्यानपद्धतीस एखादी ओळ. त्यांच्यावर टीका करणारांनीं त्यांना धर्मांतरित स्त्री म्हणून पाहिलें, त्यांचा पक्ष घेणारांनीं साध्वी म्हणून पाहिलें. शिक्षणशास्त्रज्ञ म्हणून पाहण्यास दोघांनाहि सवड झाली नाहीं. धर्मांतराचा वाद महत्त्वाचा नव्हता असें आमचें म्हणणें नाहीं. सदनांतून मुली काढून घेण्यांत आल्या, म्हणजे त्या वादानें शिक्षिकांची एक होऊं घातलेली पिढीच मोडली. तेव्हां शिक्षणाच्या दृष्टीनेंहि तो महत्त्वाचाच आहे. पण ही हानि मोजावयास आधीं सदनांत काय घडत होतें हें ठाऊक पाहिजे.

तिसरा वर्ग आपल्या लोकांनीं चालविलेल्या संस्थांच्या अहवालांचा. ह्यांतील परवलीचा शब्द ‘त्याग’. अण्णासाहेब कर्वे यांचा अनाथबालिकाश्रम १८९६ चा, महिलाविद्यालय १९०७ चें, निष्काम कर्ममठ १९०८ चा, महिलाविद्यापीठ १९१६ चें. आणि लगोलग १९१७ मध्यें प्राथमिक शाळांसाठीं अध्यापिका तयार करण्याची सोय त्यांनीं केली. पुण्याचें सेवासदन १९०९ पासूनचें. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं तेथें प्रौढ स्त्रियांच्या वर्गांपासून आरंभ करून अध्यापिका तयार करण्याचें काम मोठ्या प्रमाणावर चालविलें. ह्या संस्थांचें कार्य किती मोठें आहे, हें आम्हीं सांगावयास नको. परंतु त्यांचे अहवाल वाचतांना ते कोणासाठीं लिहिलेले आहेत हें विसरतां कामा नये. ते देणगीदारांसाठीं लिहिलेले आहेत. वर्गणी मिळवावयाची तर कमी पगारावर किंवा विनावेतन राबणारी बाई दाखविणें अधिक परिणामकारक. ती आपल्या कामांत किती निपुण आहे, तिला आणखी काय शिकण्याची गरज आहे, हें सांगून वर्गणी वाढत नाहीं. अशा रीतीनें अहवालांत त्याग ठळक झाला व कौशल्य पुसट झालें. आणि इतिहासकारांनीं अहवालाची ही भाषा, तिचा हेतु न ओळखतां, आपल्या ग्रंथांत तशीच घेतली.

ह्याचा परिणाम केवळ लेखनापुरता राहिला नाहीं. मुलींच्या शाळेंतील बाई ही त्यागमूर्ति, असें एकदां ठरलें म्हणजे तिनें वेतन मागणें कमीपणाचें ठरतें आणि तिच्या शिक्षणावर खर्च करणें अनावश्यक ठरतें. कारण त्यागाला ट्रेनिंग लागत नाहीं. रमाबाईंनीं १८८२ सालीं जी मागणी केली, तिच्या नेमकी उलट ही समजूत आहे. म्हणून संस्थांच्या इतिहासलेखकांनीं आपल्या दप्तरांतील वेतनपत्रकें पाहावीं व पुरुष-शिक्षक आणि स्त्री-शिक्षक यांचे आंकडे शेजारीं शेजारीं छापावे, अशी आमची त्यांना विनंती आहे. त्यानें संस्थापकांच्या कीर्तीस बाध येत नाहीं. उलट ज्यांनीं तुटपुंज्या मिळकतींत समान वेतन दिलें असेल, त्यांचा गौरव पुराव्यानिशीं होईल.

चौथा वर्ग स्त्रियांनीं लिहिलेल्या आठवणींचा. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या, आनंदीबाई कर्वे यांचें ‘माझें पुराण’ १९४४ सालीं. ह्या ग्रंथांचा उपयोग आजवर घरांतील छळ, सोवळेंओवळें व पतिपत्नींचा स्नेह हें दाखविण्याकडे झाला. पण रमाबाईंना शिकविण्यासाठीं ट्रेनिंग कॉलेजांतील शिक्षिका घरीं येत असे, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. ज्या कॉलेजाविषयीं प्रतिवृत्तांत फक्त संख्या मिळते, तेथील शिक्षिका इथें एका घराच्या ओसरीवर येते, घरच्या वडीलधाऱ्या बायकांच्या नजरा सोशीत एका नव्या सुनेला अक्षरें शिकविते. म्हणजे त्या काळच्या शिक्षिकेचें कार्यक्षेत्र शाळेच्या भिंतींपुरतें नव्हतें. सरकारच्या कोष्टकांत ही घरची शाळा कोठेंच नाहीं. मात्र ह्या साधनाचीहि एक मर्यादा आहे. आठवणी लिहिणाऱ्या स्त्रिया बहुधा पुढें कीर्ति पावलेल्या किंवा कीर्तिमान् पुरुषांच्या पत्नी होत. तालुक्याच्या गांवीं तीस वर्षें मुलींची शाळा चालवून निवृत्त झालेल्या शिक्षिकेनें आत्मचरित्र लिहिलें नाहीं, आणि तिला तें कोणी मागितलेंहि नाहीं. तिला गांवांत ‘मास्तरीणबाई’ ह्यापलीकडे नांवहि उरलें नाहीं.

मग तिचा शोध घ्यावयाचा कसा? साधनें नाहींतच असें म्हणून हात झाडणें आम्हांस पसंत नाहीं. जुन्या कन्याशाळांतून शेरेबुकें असत. तपासणीस आलेला अधिकारी त्यांत बाईंच्या पाठाविषयीं चार ओळी लिही. ट्रेनिंग कॉलेजांतील विद्यार्थिनींना पाठाचीं टांचणें लिहावीं लागत. सरावाच्या शाळेंत एकीनें पाठ द्यावा व इतरींनीं त्यावर टीका करावी, ही तेथील शिस्त होती. हजेरीपट, जनरल रजिस्टर, बदलीचे हुकूम, पेन्शनीचे अर्ज, सोडचिठ्ठ्या हीं सर्व अस्सल साधनें होत. शनिवारवाड्यांतील एका चिठोऱ्यासाठीं ज्या मंडळींनीं घरोघर पायपीट केली, त्यांच्या वारसांनीं कन्याशाळेच्या कपाटाकडे तितक्याच आदरानें पाहिलें पाहिजे. हीं कागदपत्रें आज रद्दींत जात आहेत. शाळांचें एकत्रीकरण होतें, इमारती पाडल्या जातात, आणि जुनें दप्तर नव्या इमारतींत नेण्याइतकें कोणास महत्त्वाचें वाटत नाहीं. पुण्यांतील भिडेवाड्याची जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्यें राष्ट्रीय स्मारकासाठीं पाडण्यांत आली. स्मारक व्हावें हें योग्यच. पण त्या जागीं केवळ पुतळा व तारीख राहूं नये. तेथें काय शिकविलें जात होतें, कोणत्या पुस्तकांतून, कोणत्या रीतीनें, आणि शिकविणारीनें तें कोणाकडून घेतलें, हें पाहणाऱ्यास कळलें तरच तें शाळेचें स्मारक होईल.

ह्या सर्व विवेचनाचा आजच्या काळाशीं संबंध नाहीं असें नाहीं. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत प्रत्येक शिक्षकानें दरवर्षीं निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठीं द्यावे, असें म्हटलें आहे. तत्त्व उत्तम आहे. नोकरींत असतां शिकत राहण्याची जी सोय जुन्या शिक्षिकांना दुर्लभ होती, ती ह्यांत सर्वांस मिळावयाची आहे. तथापि तासांची संख्या हीहि एक रकान्यांत बसणारी गोष्ट आहे, आणि रकान्यांनीं एकदां आपली कशी फसगत केली तें वर सांगितलेंच आहे. मुलींच्या शाळेंतील शिक्षिकेनें हे तास घराचें काम आवरून केव्हां द्यावयाचे, त्यांत तिच्या वर्गांतील प्रश्नांस स्थान आहे काय, आणि तिनें शिकविलेल्या मुलीच्या वहींत त्याचा परिणाम दिसतो काय, हे प्रश्न पुढील इतिहासकार विचारील. त्यास उत्तर मिळावें अशी इच्छा असेल, तर पाठांचीं टांचणें व शाळांचीं दप्तरें आजपासूनच राखून ठेविलीं पाहिजेत.

सारांश, पहिली, ट्रेंड व त्यागी हीं तिन्ही विशेषणें आपापल्या जागीं खरीं आहेत. पण तीं विशेषणें आहेत, विशेष्य नव्हेत. विशेष्य आहे ती शिकविणारी बाई, जी एकेकाळीं शिकत होती. संस्थापकांचा इतिहास पुष्कळ लिहून झाला. आतां तिच्या शिकण्याचा इतिहास लिहावयास संशोधकांनीं पुढें यावें आणि त्याची सुरुवात आपापल्या गांवच्या कन्याशाळेच्या कपाटापासून करावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.